मी दिलेले एकोणीस पासवर्ड

सोलापूर स्टेशनवर मला सोडायला वडील छापखान्यातून तसेच आले, बोटांवरची शाईसुद्धा न धुता. आई आली नाही. तिचं विड्या वळायचं सूप अर्धं रिकामं होतं आणि कारखान्यात माल द्यायची वेळ झाली होती. वडिलांनी माझी बॅग बर्थखाली सरकवली, खाली उतरून खिडकीपाशी उभे राहिले आणि दर एक मेच्या सभेत कामगारांना सांगतात त्याच सुरात म्हणाले, "जिथं जाशील तिथं पहिल्या दिवशी आत घुसू नको. गेटवर उभी राहा. कोण कसं बाहेर पडतंय ते बघ. मग आत जा." गाडी हलली तेव्हा मी रडायला लागले. ते गाडीबरोबर चार पावलं चालले आणि ओरडले, "गप बे! लोकांना वाटंल लग्न लावून पाठवतोय."

मी पत्रकांवर वाढलेली मुलगी आहे. बाकीची पोरं "कमळ बघ, गवत बघ" वाचत होती तेव्हा मी प्रूफाचे कागद घेऊन "बंधू आणि भगिनींनो" वाचत होते. "जाहीर निषेध" हे दोन शब्द मला स्वतःच्या आडनावाआधी लिहिता येत होते. छापखान्यात एक नियम होता: पत्रक कुणाचंही असो, खाली नाव हवंच. नाव टाकू नका म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाला वडील कागद परत करत. "बिननावाचं पत्रक म्हणजे भिंतीआडून मारलेला दगड," ते म्हणत. मोठी झाल्यावर मला वाटायचं की अशा घरात वाढलेल्या माणसाला कुणी फसवू शकत नाही. ही समजूत चेन्नईत सात महिने टिकली.

जे सोलापुरात राहिले त्यांना वाटतं, मी समुद्राकाठी मोठ्या काचेच्या इमारतीत बसते. नाही. त्या इमारती सिरुसेरीच्या आयटी पार्कात आहेत, आणि तिथं आपली पोरं बसतात. गळ्यात कंपनीचा पट्टा, तो रविवारी देवळात जातानाही उतरत नाही. गावी असताना ही पोरं चौकात उभी राहून जगाला शिव्या द्यायची. आता चेन्नईतल्या मराठी लोकांच्या आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रोज सकाळी फुलांचे फोटो पाठवतात आणि "इथं पोहे चांगले कुठं मिळतात" यावर तीन-तीन दिवस चर्चा करतात. बरोबरच्या खुर्चीतला माणूस एका दुपारी कामावरून काढला गेला, तर त्यावर मात्र ग्रुपवर एक अक्षर नाही. तुम्ही माझ्यासारखेच घर सोडून आलात, म्हणून तुम्हाला आधी सांगते: मला तुमचा राग येत नाही, किळस येते. माझी स्वतःची किळस का येते, ते पुढं सांगते. म्हणजे हिशेब सरळ राहील.

मला नोकरी लागली ती गिंडीच्या औद्योगिक वसाहतीत, कारखान्यांना "डिजिटल साक्षरता" पुरवणाऱ्या एका कंपनीत. पुरवणाऱ्या म्हणजे जेवणाचे डबे पुरवावेत तसंच. पहिले पंधरा दिवस त्यांनी मला शिकवलं, कारण खरं सांगायचं तर सोलापुरात मी आयुष्यात चारदाच ईमेल पाठवला होता आणि चारही वेळा कॉलेजच्या फॉर्मसाठी. ब्राउझर म्हणजे काय, पत्ता कुठं लिहायचा, टॅब कसा उघडायचा, मागं कसं यायचं, हे सगळं मी तिथं नीट शिकले आणि शिकता शिकता माझ्या लक्षात आलं की या यंत्राच्या पोटात ऑफिसचा सगळा स्वभाव भरलेला आहे. पत्र लिहायचं एकाला, पण त्याच्यावर नजर ठेवायला साहेबाचं नाव सीसीत. चहाडी करायची असेल तर बीसीसी नावाचा वेगळा रकाना, म्हणजे ज्याला पत्र लिहिलं त्याला कळतही नाही की दाराआड आणखी कुणी ऐकतंय. तीन ओळींत माणसाचा पाणउतारा करायचा आणि खाली "वॉर्म रिगार्ड्स". दर पानावर "मी सहमत आहे" असं बटण, आणि सहमत नाही म्हणायचं बटण कुठं आहे ते शोधायला दुर्बीण हवी. पत्रकवाल्यांवर चिथावणीचा आरोप करणाऱ्या लोकांनी हे बटण शोधून काढलंय!

मला पाठवलं ते गाड्यांच्या वायरींचे जुडगे बांधणाऱ्या एका कारखान्यात. शनिवारी दुपारी, एकोणीस बायकांचा वर्ग. सगळ्या कायम नोकरीतल्या, सगळ्या जुन्या. वयाने सर्वांत मोठी लक्ष्मीअक्का, बावीस वर्षं त्याच लायनीवर. डोळे मिटून वायरीचं टोक सोलणारी ही बाई माउस मात्र इस्त्री धरावी तसा दाबून धरायची. त्या मला "मिस" म्हणत आणि माझं भाजी आणण्यापुरतं तमिळ हसून दुरुस्त करत. खाली जे बोलणं लिहिलंय ते सगळं तमिळमधलं आहे, मी मराठीत आणलंय.

कंपनीच्या स्लाइडवर शेताच्या बांधावर लॅपटॉप घेऊन हसणारी एक बाई होती. लक्ष्मीअक्का तिच्याकडे बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "हिच्या पायाला चिखल नाही, मिस. हिला काय शिकवता?" ईमेलचं खातं उघडताना पडद्यावर प्रश्न आला, तुम्ही यंत्र नाही हे सिद्ध करा. मी तो वाचून दाखवला. अख्खा वर्ग खिदळला. "अय्यो, मिस! हे आमच्या सुपरवायझरला दाखवा. बावीस वर्षं त्याला आमच्याबद्दल हीच शंका आहे," लक्ष्मीअक्का म्हणाली.

त्या शिकल्या. चौथ्या शनिवारी एकमेकींना आणि मला मेल पाठवायला लागल्या. "हॅलो मिस. हाऊ आर यू. आय ॲम फाइन." एवढंच, पण एकोणीस वेळा. तिसऱ्या पाठात मी त्यांना ब्राउझरची हिस्टरी दाखवली होती, म्हणजे कोणतं पान किती वाजता उघडलं त्याची यादी. "हा कॉम्प्युटर चुगलखोर आहे," मी म्हणाले होते, "सगळं लिहून ठेवतो." मला माझ्या विनोदाचं फार कौतुक वाटलं होतं.

पासवर्डची मात्र रड होती. दर शनिवारी चार-पाच जणी विसरायच्या. अर्ध्या जणींचा फोन नवऱ्याच्या नावावर, म्हणून खातं उघडताना फोन नंबरचा रकाना मी रिकामा सोडला होता, आणि आता विसरलेला पासवर्ड परत मिळवायला मार्गच नव्हता. मी एक रजिस्टर केलं. नाव, ईमेलचा पत्ता, पासवर्ड. पट्टीनं रेघा मारून, माझ्या वळणदार अक्षरात. वडील म्हणतात माझं अक्षर टाइपासारखं आहे. वर्ग सुरू झाला की जिचा पासवर्ड तिला वाचून दाखवायचा आणि रजिस्टर पिशवीत घालून वेस्ट मांबलमला माझ्या खोलीवर न्यायचं. निदान हे तरी मी काही आठवडे नीट केलं.

आता गोविंदराव. ते त्या कारखान्याचे एचआर ऑफिसर. पन्नाशीचे, कपाळाला बारीक गंध, मऊ आवाज. सहाव्या शनिवारी त्यांनी माझ्या ओळखपत्रावरचं आडनाव वाचलं आणि एकदम मराठीत बोलले.

"तुम्ही कोठची? सोलापूरची? असं सांगा की आधी! अम्ही तंजावूरकडचे. आमची मराठी ऐकून तुम्हांस हसू येईल, तसली जुनी अहा ती."

मला हसू आलं नाही. मला काय झालं ते सांगायची लाज वाटते. सात महिने मी तमिळमध्ये चुकत होते, इंग्रजीत नम्र होत होते, आणि रात्री आईला फोन केला तरच दहा मिनिटं सरळ माणसासारखी बोलत होते. त्या माणसाचं "तुम्हांस" ऐकून मी वर्ग सोडून अर्धा तास त्यांच्याशी बोलत उभी राहिले. पुढच्या रविवारी त्यांच्या घरी जेवायला गेले, तेही वेस्ट मांबलमलाच, माझ्या खोलीपासून तीन गल्ल्या सोडून. त्यांच्या बायकोनं उडदाच्या पिठाची, दह्यातली डांगर पच्चडी वाढली आणि म्हणाली, "लेकीसारखी ये. संकोच करू नोको." त्यांची मुलगी कॉलेजात होती, तिला आईबापांची मराठी कळायची पण उत्तर तमिळमध्ये द्यायची. मी तिला मराठी शिकवेन असंही म्हणून बसले. जेवण झाल्यावर गोविंदराव सुपारी कातरत म्हणाले, "त्या बायकांचे पासवर्ड तुम्ही घरी नेता मणे. हरवलं तर तुम्हांवर बोल येईल. माझ्या कपाटात ठेवा. कुलूप अहा. आपल्या माणसाची काळजी आपण नाही तर कोण करील?"

सोमवारी मी रजिस्टर त्यांच्या टेबलावर नेऊन दिलं. पोचसुद्धा मागितली नाही. वर "थँक यू, काका" म्हणाले.

जी मुलगी सोळाव्या वर्षी कुठल्याही कारखान्याच्या मालकाच्या चहाला हात लावत नव्हती, तिनं मॅनेजमेंटच्या माणसाच्या घरी दुसऱ्यांदा पच्चडी मागून घेतली आणि एकोणीस बायकांच्या किल्ल्या त्याच्या हातात ठेवल्या. त्यानं मला पैसे दिले नाहीत, धमकी दिली नाही. फक्त मराठी बोलला. माझी किंमत तेवढीच निघाली.

दोन आठवड्यांनी शनिवारी वर्गाचा विषय होता "इनबॉक्स". प्रत्येकीनं आपलं खातं उघडायचं आणि नवीन आलेला मेल वाचायचा. मी आदल्या दिवशी सगळ्यांना सरावाचा मेल पाठवला होता. लक्ष्मीअक्कानं हात वर केला.

"मिस, मला दोन आलेत. वरचा कुठला अभ्यास आहे?"

मी तिच्या मागं जाऊन उभी राहिले. मेल कारखान्याचा होता. इंग्रजीत लिहिलं होतं की तुम्ही स्वखुशीनं दिलेला राजीनामा स्वीकारण्यात आला असून महिनाअखेर तुमचा शेवटचा दिवस राहील. तुमच्या पुढील वाटचालीस शुभेच्छा. वॉर्म रिगार्ड्स.

तिच्या आयुष्यात आलेला हा पहिला खरा मेल.

मी तमिळमध्ये सांगायचा प्रयत्न केला. शब्द सापडेनात. तेवढ्यात शेजारच्या संगणकावरून आवाज आला, "मिस, मलापण दोन." मग तिसरी. मग नुसते माउसचे टकटक आवाज. एकोणीसच्या एकोणीस.

"तुम्ही राजीनामा पाठवला होता?" मी विचारलं. प्रश्न तोंडातून बाहेर पडताना मला उत्तर माहीत होतं.

"मला 'हॅलो मिस' लिहायला अर्धा तास लागतो," लक्ष्मीअक्का म्हणाली. मग तिनं माझी वाट न बघता स्वतःच "सेंट" वर बोट ठेवलं आणि दाबलं. तिच्या नावानं गेलेला राजीनामा समोर आला. घरच्या अडचणींमुळं, पूर्ण विचारांती, व्यवस्थापनाविषयी कृतज्ञतेसह. लांबलचक, बिनचूक इंग्रजी. "बघा गं," ती बाकीच्यांना म्हणाली, "माझं इंग्लिश केवढं सुधारलंय!"

वेळ दिसत होती: बुधवार, सकाळी अकरा दहा. बाकीचे अकरा बारा, अकरा चौदा, असे रांगेनं. बुधवारी सकाळी या सगळ्या लायनीवर होत्या, हजेरीची कार्डं टोचलेली, ज्यांच्याकडं फोन होते त्यांचे गेटवरच्या कप्प्यांत जमा. लक्ष्मीअक्काच म्हणाली, "हिस्टरी काढा, मिस. तुम्हीच शिकवलंत ना, चुगलखोर म्हणून?" काढली. या खोलीतल्याच, दारापासच्या संगणकावर बुधवारी पाऊण तासात एकोणीस खाती उघडली आणि बंद केली होती. खोलीची किल्ली एचआरकडं असते. गोविंदराव माझ्या तिसऱ्या पाठाला बसले नव्हते. मी फोननं त्या पानाचे फोटो घेतले.

"पासवर्ड कुणाकडं होते?" लक्ष्मीअक्कानं विचारलं.

इथं मला खोटं बोलता आलं असतं. हॅक झालं म्हणाले असते तर त्यांनी मानलं असतं, कारण या विषयात मी सांगेन ते खरं होतं. दोन-तीन श्वास मी ते वाक्य जुळवलंही. मग म्हणाले, "मी दिले. गोविंदराव सरांना."

"का?"

"ते माझी भाषा बोलले."

ती माझ्याकडं बघत राहिली. रागानं नव्हे, वायर कुठं तुटली ते बघावं तशी. "एवढंच होतं तर आधी सांगायचं, मिस," ती म्हणाली. "आम्हीपण शिकलो असतो."

मी तडक गोविंदरावांच्या केबिनमध्ये गेले. ते उठलेही नाहीत. म्हणाले, "लायन नव्या कारखान्यात जाणार. तिथं काँट्रॅक्टच्या मुली येणार. वरून हुकूम अहा, मी कोण? तुम्ही परक्यासारखं बोलू नोका. सिरुसेरीला माझी ओळख अहा, तुमचं काम लावून देतों. तुम्ही आपल्या माणसांतली." मी म्हणाले, "रजिस्टर द्या." ते म्हणाले, "कोणतं रजिस्टर?" मऊ आवाजात, शुद्ध, साडेतीनशे वर्षं जपलेल्या मराठीत. माणसं भाषा इतकी निगुतीनं जपतात आणि तिच्यात असं काहीतरी बोलतात.

खोलीवर येऊन मी पत्रक लिहायला घेतलं. "जाहीर निषेध" पासून. दोन पानं आग ओकली. दुसऱ्या दिवशी रविवार, गिंडीच्या मागं लक्ष्मीअक्काच्या घरी सगळ्या जमल्या होत्या. मी तिथं जाऊन मोडक्या तमिळमध्ये ते वाचून दाखवलं. माझा विश्वासघात, माझी शरम, माझा धडा. तिनं अर्ध्यात थांबवलं. "यात तूच तू आहेस, मिस. आमची नोकरी कुठाय? तुझी गोष्ट राहू दे. कामगार खात्याला मेल कसा लिहायचा ते शिकव. फोटो कसा जोडायचा तेही."

पहिल्यांदा मला "तू" म्हणाली. मी पत्रक फाडलं. त्या दिवशी पाठ होता "अटॅचमेंट". मजकूर त्यांनी तमिळमध्ये सांगितला, एका वकीलबाईंनी नीट केला. हिस्टरीचा फोटो, सेंटमधली वेळ, गेटवर फोन ठेवल्याच्या चिठ्ठ्या, आणि माझं सहीनिशी निवेदन, की पासवर्ड मी लिहिले, मी दिले, कुणाला आणि कधी. एकोणीस जणींनी एकोणीस मेल पाठवले. सीसीत कारखान्याचे सगळे साहेब, उघड. बीसीसी रिकामा. मी सांगितलं नव्हतं; लक्ष्मीअक्काच म्हणाली, "लपून कशाला?"

माझी नोकरी मंगळवारी गेली. ईमेलनंच कळवलं, शुभेच्छांसह. कामगार खात्यात तारखा चालू आहेत. कारखान्यानं तिसऱ्या सुनावणीला राजीनामे "तांत्रिक चुकीमुळं" निघाल्याचं लिहून दिलं आणि बायका पुन्हा लायनीवर आहेत. लायन हलवायचा हट्ट मात्र सुटलेला नाही, भांडण संपलेलं नाही. गोविंदराव मला वेस्ट मांबलमच्या भाजीबाजारात दिसतात. नमस्कार करतात, मराठीत. मी तमिळमध्ये भाव विचारून पुढं जाते.

वडिलांना मी सगळं सांगितलं. मागं मशिनीचा आवाज चालूच होता. मग म्हणाले, "गेटवर उभी राहिली नव्हतीस." आईनं फोन घेतला आणि विचारलं, परत येतेस का. मी नाही म्हणाले. तिनं कारण विचारलं नाही. मला तेव्हा सांगताही आलं नसतं.

आता सांगते. तुम्ही ग्रुपवर रोज विचारता ना, इथं घरच्यासारखं कुठं वाटतं? मी इतके दिवस घर म्हणजे जिथं आपली भाषा बोलतात ते ठिकाण समजत होते, आणि त्या समजुतीची किंमत एकोणीस जणींना पडत होती. आता दर रविवारी मी लक्ष्मीअक्काच्या घरी शिकवते. एक जुना लॅपटॉप, चार फोन, दोन खोल्यांत चौदा-पंधरा बायका, आता दुसऱ्या कारखान्यांतल्याही. त्यांना नवी खाती उघडून देते, फोन नंबरचा रकाना भरायला लावते. आणि पासवर्ड घालायची पायरी आली की स्वयंपाकघरातून लक्ष्मीअक्काचा आवाज येतो.

"मिस, भिंतीकडं तोंड!"

मी उठते आणि भिंतीकडं तोंड करून उभी राहते. माझ्यामागं अक्षरं हळूहळू दाबली जातात, कुणी चुकतं, कुणी पुटपुटतं, कुणी दुसरीला दटावतं की बघू नको. घाई कुणालाच नसते. सगळ्यांचं झालं की ती माझ्या खांद्याला धरून मला वळवते आणि हातात कॉफी देते.